समुद्र, तिसरा मजला

मासे पाळणाऱ्यांत गोडेवाले आणि खारेवाले असे दोन तट आहेत. गोडेवाला साधा माणूस. काचेची पेटी, मुरवलेलं नळाचं पाणी, चार गप्पी, दोन गोल्डफिश, तळाशी बुडबुडे सोडणारी प्लास्टिकची पेटी. आणि मासा मेलाच तर रविवारी दुसरा. खारेवाल्याचं असं नाही. त्याच्याकडे टाकी नसते, ‘सिस्टीम’ असते. त्याचा मासा मरत नाही, ‘लॉस होतो’. आणि तो लॉस झाला की घरात दोन दिवस कुणी मोठ्याने हसायचं नसतं.

आमच्या दादरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर असे एक खारेवाले राहतात. बँकेत अधिकारी, वय पन्नाशीपलीकडे, पोट बेताचं, स्वभाव तसा गरीब. इमारतीतल्या पोरांनी त्यांचं नाव ‘दर्यासारंग’ ठेवलं. ही पदवी त्यांच्या कानावर गेली तेव्हा ते रागावले नाहीत. उलट दोन दिवस जरा ताठ चालत होते.

वारा पश्चिमेचा असला की आमच्याकडे चौपाटीचा वास येतो, इतका समुद्र जवळ. शहरही मिठाचंच, वडाळा, भांडुप, मुलुंडच्या मिठागरांशेजारी आम्ही लहानाचे मोठे झालो. अशा ठिकाणी राहून हा गृहस्थ परदेशी मिठाच्या बादल्या मागवतो आणि त्यातून समुद्र कालवतो. ‘समोरचंच पाणी का नाही आणत?’ असं मी त्यांना एकदा विचारलं. पुन्हा विचारलं नाही. दादरच्या समुद्रात काय काय येऊन मिसळतं, हे त्यांनी मला जेवायच्या वेळेला सांगितलं. त्यात नुसत्या मिठाने समुद्र होत नाही. कॅल्शियम लागतं, मॅग्नेशियम लागतं, आणि हे सगळं कालवायला पाणी लागतं आरओचं. दर लिटरला साधारण 35 ग्रॅम मीठ. टाकी चारशे लिटरची. आठवड्याला दहा टक्के पाणी बदलायचं, म्हणजे 40 लिटर, म्हणजे जवळजवळ दीड किलो मीठ दर रविवारी. आरओ यंत्र जेवढं चांगलं पाणी देतं, त्याहून जास्त टाकून देतं. त्या टाकाऊ पाण्याने वहिनी कपडे धुतात आणि लाद्या पुसतात. उरलेलं जिन्यातल्या कुंड्यांना जातं. आमच्या जिन्यात सध्या पायरी कमी आणि मनी प्लांट जास्त आहे.

“मासे काय, आपले आपण पोहतात हो,” दर्यासारंग म्हणतात. “पाळावं लागतं ते पाणी.”

पाणी पाळणं म्हणजे सकाळी पेपर उघडायच्या आधी त्याचं औक्षण करणं. तापमान 25-26 अंश (पाणी गार ठेवायला चिलर), विशिष्ट गुरुत्व 1.025, अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य. खारटपणा मोजायला रिफ्रॅक्टोमीटर नावाची नळी असते. तिच्या काचेवर थेंबभर पाणी टाकायचं, झाकण लावायचं आणि एक डोळा मिटून उजेडाच्या दिशेने बघायचं. यांच्या घरात सकाळचा उजेड फक्त समोरच्या इमारतीच्या बाजूने येतो. महिनाभर समोरच्या बाईंनी सहन केलं, मग पडदे बदलले, मग सेक्रेटरींकडे अर्ज गेला. सेक्रेटरी चौकशीला आले आणि दोन तास प्रोटीन स्किमरची माहिती ऐकून गेले. पाण्यातली घाण फेसावाटे वर काढणारं हे यंत्र. त्याच्या पेल्यात जमलेला तपकिरी काढा दर्यासारंगांनी कौतुकाने त्यांच्या नाकाखाली धरला होता. तो अर्ज पुढे निकालात निघाल्याचं ऐकिवात नाही.

नायट्रेटचं वेगळं. त्याच्या नळीत औषधाचे थेंब टाकले की पाणी गुलाबी होतं, आणि किती गुलाबी ते तक्त्याशी ताडून ठरवायचं. इथे दर्यासारंग हतबल होतात, कारण त्यांना गुलाबी रंग एकच दिसतो. मग वहिनींना हाक जाते. वहिनी पोळीचा हात पुसत येतात, नळी खिडकीपाशी नेतात, पुन्हा आत ट्यूबलाइटखाली धरतात आणि निकाल देतात : “अबोली. काल डाळिंबी होता.” दर्यासारंगांच्या वहीत तारखांपुढे तसंच लिहिलेलं मी स्वतः पाहिलंय. एका पानावर ‘नायट्रेट : राणी (!!)’ अशी नोंद असून त्या दिवशी त्यांनी रजा टाकली होती. त्यांच्या स्वतःच्या कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट मात्र फ्रीजवरच्या पाकिटात न उघडता पडलाय. त्यात कुठलाच रंग नसतो, असं वहिनींचं म्हणणं.

टाकी घेतली तेव्हा आम्ही सगळे हौसेने बघायला गेलो, तर आत नुसते दगड. अमोनिया खाऊन त्याचं नायट्राइट करणारे जिवाणू आधी वाढायला हवेत, मग नायट्राइटचं नायट्रेट करणारे. याला महिना-दीड महिना लागतो. तोवर आलेला पाहुणा निळ्या दिव्याखालचे दगड बघून ‘वा’ म्हणायचा आणि पोहे खाऊन जायचा. ‘पोवळी का नाही ठेवत?’ असं एकाने विचारलं. खडकाळ पोवळ्यांना आपल्याकडे 2001 पासून वन्यजीव कायद्याचं, वाघाच्या बरोबरीचं, संरक्षण आहे हे ऐकल्यावर तो पाहुणा दगडांपासूनही थोडा लांब उभा राहिला.

मग आला एंजलफिश. इथे एक घोळ आधी निस्तरतो. आपण दुकानात बघतो तो त्रिकोणी, लांब परांचा एंजल गोड्या पाण्यातला, मूळचा दक्षिण अमेरिकेचा. समुद्रातले एंजल हे वेगळंच घराणं. दर्यासारंगांनी आणला तो त्यातला रीगल. अंग केशरी-पिवळं, त्यावर काळ्या काठाचे निळसर पांढरे उभे पट्टे, शेपूट पिवळीधमक. बॉडार्ट नावाच्या डच पंडिताने 1772 साली याची शास्त्रात नोंद केली, आणि त्याच्या प्रजातीत हा एकटाच. दुसरा भाऊबंद नाही. स्वभाव त्यामुळेच तसा झाला असावा, हे माझं मत. समुद्रात हा स्पंज कुरतडून जगतो. काचेआड आणला की समोर ठेवलेलं काही अन्न आहे, हेच त्याला पटत नाही, आणि पुष्कळसे रीगल उपाशीच मरतात. प्रशांत महासागरातले करड्या छातीचे जास्त हट्टी, हिंदी महासागरातले पिवळ्या छातीचे त्यातल्या त्यात जेवणारे. म्हणून दर्यासारंगांनी पिवळ्या छातीचा शोधला आणि दुकानदाराकडून तो खात असल्याचा व्हिडिओ मागवला. नुसता पोहतानाचा आला, तो परत पाठवला.

आल्यावर साहेबांची रवानगी थेट मागच्या मोरीत. तिथे वेगळी छोटी टाकी, तळ उघडा, लपायला प्लंबरकडचे पीव्हीसी पाइपाचे तुकडे. नवा मासा महिनाभर वेगळा ठेवायचा, अंगावर पांढरे ठिपके येणारा रोग असला तर तिथेच तांब्याच्या औषधाने बरा करायचा. हेच तांबं मोठ्या टाकीत गेलं तर कोळंबी आणि गोगलगाई संपल्या. तेव्हापासून दर्यासारंगांच्या आईंचं ताम्हन आणि पळी-पंचपात्र दिवाणखान्यातून हद्दपार आहे, पूजा खिडकीशी. डासांचा फवारा, उदबत्ती, मशीन सगळं बंद, कारण पायरेथ्रॉइड माशांना विषासारखं. या घरात मासा सुखरूप आहे आणि माणसं अंग खाजवत बसतात. टाकीत हात घालायचा तर आधी कोपरापर्यंत धुवायचा, त्यावर साबणाचा वासही नको. आईंचं सोवळंसुद्धा इतकं कडक नव्हतं, असं त्याच सांगतात.

महिन्याने रीगल मोठ्या टाकीत आला, पण जेवेना. गोठवलेली मायसिस कोळंबी झाली, जपानी नोरी झाली. शेवटी कुणीतरी सुचवलं, जिवंत शिंपलं अर्धं उघडून द्या. दर्यासारंग बाजारात गेले. मी बरोबर होतो.

“चार तिसऱ्या द्या.”

“चार वाटे?” कोळीणबाई खूश झाली.

“वाटे नाही. चार तिसऱ्या. पण जिवंत पाहिजेत, तोंड मिटलेल्या.”

बाईने एकदा त्यांच्याकडे, एकदा त्यांच्या बँकेच्या बॅगेकडे पाहिलं. “कोणाला?”

“माशाला.”

चार तिसऱ्या तिने फुकट दिल्या. वर मला बाजूला घेऊन, “दादा, घरी सांभाळा त्यांना,” म्हणाली.

त्या रात्री टीव्ही मुका केला गेला, पंखा बंद. तिसरी सुरीने उघडून, अर्ध्या शिंपल्यासकट दगडाच्या फटीत बसवली. टाकीतली क्लाउनफिशची हावरट जोडी आधीच पोचली. तिला काडीने हुसकलं. अनारशाचं ताट पुढे आलं तरी रुसलेला जावई जसा आढ्याकडे बघतो, तसा रीगल कपारीतून अर्धा बाहेर येऊन भलतीकडेच बघत होता. मग डोळा वळला. अंग तिरकं करून तो जवळ आला, थांबला, मागे सरला. पुन्हा आला. तोंड लावलं, थुंकला. पुन्हा लावलं, आणि या वेळी मांसाचा धागा तोंडातच राहिला.

“खाल्लं!” दर्यासारंग ओरडले. रीगल जो कपारीत घुसला तो दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दिसला नाही.

या सगळ्याचा खर्च किती, हे विचारायचं नसतं. प्रत्येक खारेवाला घरी निम्मी किंमत सांगतो, ही सर्वमान्य पद्धत आहे. यांची अडचण एवढीच की बँकेचे मेसेज वहिनींच्या फोनवर येतात. वहिनी तरी बोलत नाहीत. फक्त दिवाळीत साडी घेताना दुकानदाराला सांगतात, “पाण्याच्या पंपाएवढी दाखवा. नाही, चिलर नको, तेवढी भारी नको.”

मुंबईत वीज जात नाही, हा आमचा जुना अभिमान. 12 ऑक्टोबर 2020 ला सकाळी ग्रिड कोसळलं आणि अख्खं शहर थांबलं, लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या. पंप बंद म्हणजे पाण्यात हवा नाही, चिलर बंद आणि वर ऑक्टोबरचा उकाडा. दर्यासारंगांनी बॅटरीचा एअरपंप लावला आणि मास्क लावून, ‘ऑक्सिजन कमी पडतोय’ म्हणत दारोदार बर्फ मागत फिरले. करोनाचे दिवस; आम्हाला वाटलं, ऑक्सिजन कुणा माणसासाठी हवाय. तळमजल्याचे काका धावत बर्फाचे ट्रे घेऊन वर आले आणि थेट टाकीत ओतणार, तेवढ्यात “गोडं! गोडं पाणी!” अशी आरोळी झाली. बर्फ वितळून खारटपणा उतरला असता. मग बाटल्यांत बर्फ भरून त्या वर तरंगत सोडल्या. वीज आली तेव्हा चिलर घुरघुरला आणि आईंनी ताम्हनाकडे बघून हात जोडले.

मालवणहून आलेले एक मामा तासभर टाकीसमोर बसून होते. आता हे ‘कालवणाला कसा लागेल’ विचारणार म्हणून घर श्वास रोखून होतं. मामांनी विचारलं, “ह्याका काटो असता?” दर्यासारंगांचा चेहरा फुलला. सगळ्या समुद्री एंजलना गालफडाशी एक काटा असतो, तो जाळ्यात अडकतो, म्हणून त्यांना जाळ्याने न धरता डब्याने धरायचं, हे त्यांनी सविस्तर सांगितलं. मामा म्हणाले, “मगे सोलूक त्रास.”

गेल्या वर्षी मालदीवची टूर ठरली. टाकी पाच दिवस कुणाच्या भरवशावर ठेवायची, म्हणून दर्यासारंगांनी ऐनवेळी माघार घेतली. वहिनी बहिणीबरोबर गेल्या. तिसऱ्या दिवशी त्यांचा व्हिडिओ आला. उथळ पाण्यात, खडकाच्या पोटाशी एक धष्टपुष्ट रीगल कसल्याशा केशरी थरावर निवांत तोंड मारत होता. खाली लिहिलं होतं : ‘बघा. तिसऱ्या नाहीत, टीव्ही बंद नाही, तरी खातोय.’

दर्यासारंगांनी तो व्हिडिओ रात्री आम्हा सगळ्यांना दाखवला, मोठा करून, थांबवून. मग उत्तर धाडलं : ‘केशरी आहे तो कुठला स्पंज? दिवसातून किती वेळा खातो, लक्ष ठेव.’

उलट उत्तर लगेच आलं. ‘मीही जेवले. तीन वेळा.’