करळमास्तर

कोल्हापूरकर कोकणात जातो तो मासे खायला. आमचे करळमास्तर जातात ते समुद्र पूर्वी कुठवर होता ते बघायला. आताच्या समुद्राचं त्यांना काही कौतुक नाही. तो काय, सगळ्यांनाच दिसतो!

मास्तर हायस्कुलात भूगोल शिकवून निवृत्त झाले. करळ म्हणजे वाळू आणि शिंपल्यांचा चुन्यानं सांधलेला दगड. अलिबाग-रेवदंड्याकडं जुन्या लोकांनी तो बांधकामाला वापरला. तो तयार होतो भरती-ओहोटीच्या पट्ट्यात. म्हणून आजच्या भरतीच्या वर कुठं करळ दिसला, की मास्तर पँट गुडघ्यापर्यंत दुमडतात आणि पाण्याकडं पाठ करून ओरडतात, "हितं होतं पाणी!" पोरं भिजून कुडकुडतायत, तिकडं खाणावळीत सुरमई गार होतीय, आणि मास्तर टेप लावून दगडाची उंची मोजतायत. सहाएक हजार वर्षांपूर्वी समुद्र आजच्यापेक्षा थोडा वर होता, हे त्यांचं लाडकं मत. बऱ्याच संशोधकांचंही तेच आहे. पण "मास्तर, जमीनच वर उचलली गेली असंल तर?" असं कुणी विचारू नये. प्रश्न रास्त आहे, त्यामुळं मास्तर दोन्ही बाजूंनी स्वतःच भांडतात आणि दुपारचं जेवण संध्याकाळचं होतं.

एकदा ड्रायव्हर बोलून गेला, "परशुरामानं बाण मारला अन् समुद्र हटला, एवढंच की!"

"हटला की! पण आधी आत किती आलावता? वीस हजार वर्षांमागं पाणी आजच्यापेक्षा १२० मीटर खाली. बर्फ वितळलं, पाणी चढलं, मग जरा मागं सरलं. बाण लागला असंल तर ह्या शेवटच्या टप्प्यात!" ड्रायव्हरनं मुकाट्यानं गाणी लावली.

घरी पाहुणा आला, की अंबाबाई, मिसळ आणि टाउन हॉलचं म्युझियम. तिथं कोल्हापुरातल्याच ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली पोसायडनची छोटी ब्राँझमूर्ती आहे. ग्रीकांचा हा समुद्रदेव. पाहुणा हमखास विचारतो, "म्हणजे समुद्र कोल्हापूरपर्यंत होता?" मास्तर तापतात. "साडेपाचशे मीटर उंचीवर? देव व्यापारातनं आला रे! रंकाळ्यात शिंपल्याचा दगड घावलाय कधी? सगळा बेसाल्ट हाय!" गावाच्या अभिमानापायी खोटा समुद्र ते खपवून घेत नाहीत, आणि कोल्हापुरात ही काही लहान गोष्ट नव्हे.

काकूंची अट मात्र जुनी आहे. "मी येतो. पण परतताना डिकीत दगड दिसला, तर गगनबावड्यालाच उतरतो."

पुढच्या सुट्टीत तुमच्या गाडीत जागा असेल, तर मास्तरांना जरूर न्या. फक्त जेवण उरकूनच किनाऱ्यावर उतरा.