काडतूस मिळेपर्यंत दमाने घ्यावे, ही विनंती

प्रति,
मा. रानडुक्कर साहेब व समस्त कळप,
मुक्काम : ओढ्याकाठचे बाभूळबन, ता. जिंतूर, जि. परभणी

विषय : आमच्या दुनळीचा बार न होण्याबाबत खुलासा
संदर्भ : हरभऱ्यातील आपली रात्रीची बैठक

महोदय,

आपण आता बंदुकीला भीत नाही, हे आम्हांला कळून चुकले आहे. आजोबा बंदूक नुसती खांद्याला अडकवून आखाड्यावर फिरले, तरी आपले पूर्वज पूर्णेच्या पाण्यापर्यंत मागे वळून बघत नसत, असे आमच्या घरात सांगतात. आपण मात्र बॅटरीच्या झोतात मान वर करता, माणूस ओळखीचा आहे याची खात्री करून घेता आणि पुन्हा तोंड मातीत खुपसता. आमच्या काडतुसांचा हिशेब आपल्या कानावर कुणीतरी घातलेला दिसतो. तेव्हा लपवाछपवी नको, सगळेच सांगून टाकतो.

बंदूक बर्मिंगहॅमची, बाराबोअर. तिचा पहिला परवाना निजामाच्या अमलातला, उर्दूत लिहिलेला. १९४८ मध्ये निजामाचे राज्य गेले, १९५६ मध्ये परभणी मुंबई राज्यात आली, १९६० मध्ये महाराष्ट्रात. राज्ये बदलली, बंदूक तीच राहिली. नळ्या उतरवून उलट्या धरल्या की बुडाच्या सपाट जागेवर बारीक ठसे दिसतात. तिथल्या प्रूफ हाउसने जास्तीचा भार देऊन बार उडवला, नळ्या टिकल्या, तेव्हा कुठे हे ठसे मारले. त्यात एक आकडा २½ आहे आणि एक १⅛. पहिला इंचांतला : काडतूस ज्या घरात बसते, त्याची लांबी, म्हणजे काडतुसांच्या बाजारभाषेत ६५ मिलिमीटर. दुसरा छर्‍यांच्या वजनाचा : १⅛ औंस, सुमारे ३२ ग्रॅम. यापलीकडे जाऊ नका, असे कारागिराने लोखंडावर लिहून ठेवले आहे. आम्ही सरकारी परिपत्रके मानतो न मानतो, हे मात्र मानतो.

दुकानात मिळाले ते ७० मिलिमीटरचे.

पाच मिलिमीटरने काय बिघडते, असे आपण विचाराल. दुकानदारानेही विचारले. नुसते विचारून तो थांबला नाही, त्याने माझ्यासमोर काडतूस नळीत सोडले, ते अलगद आत गेले, बंदूक मिटली आणि तो विजयी मुद्रेने म्हणाला, "बसलं की!" महोदय, घात इथेच आहे. डब्यावरचे ७० हे काडतुसाचे बार झाल्यानंतरचे माप असते. त्याआधी त्याचे तोंड आत दुमडून बंद केलेले असते, आणि त्या अवस्थेत ते साठाच्या आतबाहेरच भरते. ६५ च्या घरात ते बसणार नाही तर काय? चाप ओढला की दुमडलेले तोंड उलगडते आणि पाच मिलिमीटर पुढे सरकते, नेमके तिथे, जिथे घर संपून नळी निमुळती होते. छर्‍यांना आणि डाटाला त्या चिंचोळ्या जागेतून वाट काढावी लागते, मागे दाब चढतो, आणि त्या दाबाच्या एका हातावर आमची डावी मूठ असते, दुसर्‍या हाताला आमचा गाल. आपण चाळीस पावलांवर. या व्यवहारात जास्त सुरक्षित कोण, हे आपल्यासारख्या सुज्ञास सांगणे न लगे.

तरी हे लांबीचे झाले. आमच्या बंदुकीची घरे रुंदीलाही आखडती आहेत. जुनी कागदी काडतुसे मृगाच्या हवेत फुगत आणि अर्ध्यात अडकून बसत. आजी ती डाळीच्या डब्यात पुरून ठेवायची, तो सगळ्या शस्त्रविद्येतला सर्वांत उपयोगी धडा. प्लास्टिक फुगत नाही, पण काहींची पितळी कड उजव्या नळीत अंगठ्याने रेटल्याशिवाय पूर्ण आत जात नाही. रेटून बसवलेले काडतूस बार झाल्यावर फुगते आणि निघता निघत नाही. दुनळी मग एकनळी होते, आणि आपण तर कळपाने येता.

सल्लागार भरपूर आहेत. एकाने लेथवर घरे पाच मिलिमीटर वाढवून आणायला सांगितले. नळीची जाडी सर्वांत जास्त जिथे लागते तिथेच ती खरवडायची! शिवाय शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे बंदुकीची दुरुस्ती किंवा फेरफार त्या कामाचा परवाना असणार्‍यानेच करायचा. लेथवाल्याला नांगराचा फाळ आणि नळी यांत फरक वाटत नाही, न्यायालयाला वाटतो. इंग्लंडमध्ये ६५ ची काडतुसे आजही बनतात, असे दुसर्‍याने सांगितले. खरे आहे. चंद्रावर पाणी आहे, हेही खरे आहे.

कायद्याचा आमच्यावरचा लोभ तर निराळाच. त्याच अधिनियमाच्या कलम १३ मध्ये पीकसंरक्षणासाठी मुळात ठासणीच्या बंदुकीचा विचार आहे. ती पुरणार नाही अशी अधिकार्‍यांची खात्री पटली, तरच दुसरी. म्हणजे आपण आल्यावर दारू ओतायची, डाट ठासायचा, छर्रे सोडायचे, पुन्हा ठासायचे, टोपी चढवायची. तोवर आपण ओळ संपवून बांधावर ढेकर देत असाल.

समजा काडतूस मिळालेही. मग वन्यजीव अधिनियम १९७२, कलम ११ : उभ्या पिकाला आपला धोका आहे, अशी कारणांसह लेखी परवानगी. ती हाती आली आणि आपण पडलातच, तर कलम ३९ नुसार आपला देह सरकारजमा. निवडणुकीत बंदूक पोलीस ठाण्यात जमा. २०२४ मध्ये आम्ही दोनदा ती सोपवून आलो : एकदा २६ एप्रिलच्या लोकसभेसाठी, एकदा २० नोव्हेंबरच्या विधानसभेसाठी. त्या दुसर्‍या खेपेला सोयाबीनची काढणी आणि हरभऱ्याची पेरणी आपल्या देखरेखीखाली पार पडली. आचारसंहिता आपल्याला लागू नसते, हे आपण एव्हाना ताडलेच आहे.

तरी विनंती, की ६५ मिलिमीटरची, ३२ ग्रॅमच्या आतली, कड बेताची असलेली काडतुसे हाती येईपर्यंत आपण भुईमुगात येऊ नये. ज्वारी हुरड्यात येईल तेव्हा पूर्वेकडचे दोन तास आपल्यासाठी सोडू. ते तसेही आपण घेताच. बंदुकीचे लांबून दर्शन घेण्यास हरकत नाही. तिला तेल दिलेले आहे.

आपला,
एक परवानाधारक

प्रत माहितीस्तव :
१. रोही, माळावरचा कळप. आपली तक्रार वेगळी असल्याने पत्रही वेगळे पाठवू.
२. काळवीट. आपण अनुसूची एकमध्ये असल्याने ही प्रत वाचून झाल्यावर कृपया परत करावी.