लक्झेंबर्गला निघालेल्या चंद्रपूरकरांसाठी सूचना

यंदा उन्हाळ्यात युरोपला निघालेल्या भाऊ-वहिनींनी लक्झेंबर्ग चुकवू नये. जाण्याआधी एवढं वाचून जावं.

आकार : क्षेत्रफळ 2,586 चौरस किलोमीटर. एकट्या गडचिरोली जिल्ह्यात असे पाच देश बसतात, वर जागा उरते. देशाची दक्षिणोत्तर लांबी 82 किलोमीटर. परत आल्यावर 'अख्खा देश पालथा घातला' असं भामरागडच्या माणसाला सांगू नये. त्याला नुसतं गडचिरोलीचं कलेक्टर ऑफिस गाठायला याच्या जवळपास दुप्पट जावं लागतं.

सीमा : ज्याच्या नावाचा व्हिसा काढाल, ते शेंगेन इथलंच, मोझेल नदीकाठचं गाव. 1985 साली तिथे करार झाला नि पुढे देशादेशांतली नाकी उठली. कौतुक बेतानं करावं. आपल्या जिवती तालुक्यातली सीमेवरची 14 गावं महाराष्ट्राचीही आहेत आणि तेलंगणाचीही. दोन रेशनकार्डं, दोन मतदारयाद्या, मराठी-तेलुगू शाळा. युरोपला त्यासाठी करार करावा लागला. आपण वर्षानुवर्षं वाद न मिटवताच ते साधलं.

हवा : स्वच्छ. औष्णिक वीज केंद्राच्या राखेला सरावलेल्या छातीला सुरुवातीला चुकल्यासारखं होईल. घाबरू नये.

बस : 2020 पासून देशभर बस, ट्राम, रेल्वे सगळ्यांना फुकट. पैसे फक्त रेल्वेच्या पहिल्या वर्गाला. 'आमच्या एसटीतही फुकट जाता येतं' असं छातीठोक सांगावं. त्यासाठी वयाची पंचाहत्तरी गाठावी लागते, हे विचारलं तरच सांगावं.

पैसा : हे सगळं त्यांना परवडतं कसं? एकोणिसाव्या शतकात हा देश इतका गरीब होता की माणसं पोटासाठी अमेरिकेला जात. मग दक्षिणेत लोहखनिज हाती लागलं, तिथेच पोलादाचे कारखाने उभे राहिले, पुढे बँका आल्या. लोहखनिज तर आपल्या गडचिरोलीतल्या सूरजागडलाही निघतंय. ट्रकांच्या रांगा आहेत, धूळ आहे, उखडलेले रस्ते आहेत. म्हणजे लक्झेंबर्गच्या वाटेला आपण लागलोच आहोत, फक्त वाटेत खड्डे फार.

तोवर वस्तुस्थिती एवढीच : खनिजाचे ट्रक डोंगरातून जिल्ह्याबाहेर बरोबर पोचतात. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडला एसटी मात्र पोचत नाही.