आमचे चौकटसाहेब

कृष्णा-पंचगंगेच्या काठच्या प्रत्येक तालुक्यात एक चौकटसाहेब असतो. हुद्द्याने तो कुठे नायब तहसीलदार असेल, कुठे मंडळ अधिकारी, कुठे नगरपालिकेतला जुना अव्वल कारकून. ओळखायची खूण मात्र एकच. हाती कोरा कागद आला की तो वर एक चौकोन काढतो, त्याखाली तीन काढतो आणि मग सगळ्यांना रेघांनी जोडत सुटतो. आमच्या साहेबांची ही आकृती मी लग्नपत्रिकेच्या पाठीवर पाहिली आहे, एसटीच्या तिकिटावर पाहिली आहे, आणि एका तहसीलदारांच्या निरोप समारंभात पेढ्यांच्या खोक्याच्या झाकणावरही पाहिली आहे.

साहेब मूळचे असे नव्हते. चारचौघांसारखे दाखले देत होते, सातबाऱ्याच्या तक्रारी ऐकत होते. २०१० सालच्या जुलैत राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने घटना प्रतिसाद प्रणालीची मार्गदर्शक तत्त्वं काढली. पुढे तिच्या प्रशिक्षणाला तालुक्यातून कुणाला तरी पाठवायचं होतं आणि त्या दिवशी साहेब जागेवर सापडले. जाताना नुसती पिशवी घेऊन गेले, येताना दीक्षा घेऊन आले.

तेव्हापासून सलूनमध्ये दाढीला बसले तरी साबण लागायच्या आत त्यांचं कॅलिफोर्निया सुरू होतं. "१९७० साल. वणवे लागले. तेरा दिवस जळत होतं, सोळा माणसं गेली. बंब कमी नव्हते, माणसं कमी नव्हती. पण ह्या दलाचा वायरलेस त्या दलाला लागेना, एकाच वस्तूला प्रत्येकाचं नाव वेगळं, आणि हुकूम कुणाचा ते कुणालाच ठाऊक नाही!" सलूनवाला वस्तरा थांबवून विचारतो, "मग साहेब, आग विझली का?" साहेबांना या प्रश्नात रस नसतो. आगीतून पद्धत निघाली, हे त्यांच्या दृष्टीने पुरेसं असतं.

पद्धत ते अशी सांगतात. सर्वांत वर जबाबदार अधिकारी, म्हणजे जिल्ह्यात कलेक्टर. त्यांच्या हाताखाली प्रत्यक्ष घटनेचा कमांडर. कमांडरच्या बाजूला माहिती, समन्वय आणि सुरक्षा पाहणारे तिघे, आणि खाली तीन विभाग : काम करणारा, नियोजन करणारा, रसद पुरवणारा. अमेरिकेत पैशाचा विभाग वेगळा आहे, आपण तो रसदीखालची एक शाखा केला. "पैसा वेगळा ठेवला असता तर तोच कमांडर झाला असता," असं साहेबांचं त्यावर भाष्य. एका माणसाच्या हाताखाली तीन ते सात माणसं, पाच उत्तम. आणि कुणालाही दोन साहेब नाहीत. महसूल खात्यात या शेवटच्या वाक्याला हशा पिकतो, तो साहेबांना दर वेळी नव्याने अनपेक्षित असतो.

भाचीच्या लग्नात त्यांनी ही पद्धत पूर्ण राबवली. आचाऱ्याच्या हाताखाली अकरा जण दिसताच त्यांनी दोन शाखा पाडल्या. परिणामी पुऱ्या तळणारे एका शाखेत गेले आणि कणीक मळणारे दुसरीत. बँडवाले, घोडेवाला आणि नवरदेवाचे मित्र यांना मंगल कार्यालयाबाहेर एका मोकळ्या जागेत थांबवलं, कारण बोलावल्याशिवाय कुणीही थेट घटनास्थळी जायचं नाही. सुरक्षा अधिकारी म्हणून थोरल्या आत्याबाईंना नेमलं आणि कोणतंही धोक्याचं काम जागच्या जागी थांबवायचा अधिकार त्यांना आहे, हेही सांगून टाकलं. आत्याबाईंनी पहिल्या पाच मिनिटांत आइस्क्रीमचा स्टॉल बंद पाडला. मुहूर्त मात्र चुकला नाही, हे साहेबांच्या बाजूने नोंदवायला हवं.

साहेबांचा खरा शत्रू पाणी नव्हे. तो एप्रिल-मे महिना आहे. आपत्ती व्यवस्थापनाचा कायदा २००५चा आणि राज्य सरकारी कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचा कायदाही २००५चा. एकाने चौकटी भरायच्या आणि दुसऱ्याने त्या पावसाच्या तोंडावर रिकाम्या करायच्या. साहेब वर्षभर खपून एखाद्या अभियंत्याला रसदप्रमुख बनवतात, त्याला गोदामाच्या किल्ल्या कुठे असतात ते पाठ करवतात, आणि मेअखेर तो माणूस गडचिरोलीला किल्ल्यांविना ज्ञान घेऊन रुजू होतो. "म्हणून चौकटीत माणसाचं नाव लिहायचं नाही, पदाचं लिहायचं," असं पुस्तक सांगतं. साहेब पद शाईने लिहितात आणि खाली माणसाचं नाव पेन्सिलीने. खोडरबर त्यांच्या टेबलावर कायम असतो.

मान्सूनपूर्व आढावा बैठकीत एकदा त्यांनी चार कागद चिकटवून केलेला प्रादेशिक तक्ता उलगडला. साताऱ्यात कोयनेचे दरवाजे उघडले की पाणी सांगलीला येतं, पंचगंगा कोल्हापूर बुडवून नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते, आणि पुढे अलमट्टी कर्नाटकात. मग पथकं तालुक्याच्या हद्दीवर का थांबावीत? एका काठाला बोटी पडून आणि दुसऱ्या काठाला माणसं पत्र्यावर, असं का व्हावं? नदीच्या खोऱ्याचं एक पथक असावं, एकाच धाग्यात ओवलेलं. तक्ता टेबलावर मावेना, तेव्हा त्याचं कर्नाटकाकडचं टोक शिपायाने धरलं. सगळ्यांनी "छान आहे" म्हटलं आणि विषय क्रमांक चार, नालेसफाई, पुकारला गेला.

बोटवाल्या आंबी तात्यांनी तर तोंडावरच विचारलं, "सायेब, पाणी काय तुमच्या चौकटीत थांबतंय व्हय?"

"पाणी थांबत नाही तात्या. म्हणून तर माणसं थांबवायची असतात."

२०१९च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाशी, जिथे धोक्याची पातळी ४५ फूट आहे, तिथे पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. शिरोलीजवळ महामार्ग बुडाला, ट्रकच्या रांगा अडकल्या. एनडीआरएफ, लष्कर, नौदल, कोल्हापूरची व्हाइट आर्मी, सगळे पाण्यात उतरले. त्या धांदलीत आमच्या तालुक्यातली एक रबरी बोट कोरडी उभी होती. बोट आपत्ती विभागाची, पेट्रोल पुरवठा विभागाचं, आणि चालवणारे तात्या कुणाच्याच आस्थापनेवर नव्हते. साहेबांनी तात्यांना रसदीखालच्या एका चौकटीत पेन्सिलीने घातलं, पेट्रोलच्या चिठ्ठीवर स्वतः सही केली आणि बोट सुटली. सहीचा खुलासा पुढे सहा महिने चालला.

मदतीचे टेम्पो महामार्गाजवळच्या पहिल्याच गावात रिकामे होऊ लागले, तेव्हा साहेबांनी सगळे एका शाळेच्या मैदानावर वळवले. यादी करूनच पुढे सोडलं. बिस्किटांनी बुडालेलं गाव आणि मेणबत्तीही न पोचलेलं गाव, दोन्ही एकाच यादीत दिसली. पाहणीला आलेल्या पुढाऱ्यांनाही त्यांनी त्याच मैदानावर चहा देऊन बसवलं. "बोलावणं आलं की सोडतो," असं अत्यंत आदराने सांगितलं. बोलावणं येत नव्हतं, कारण बोलावणारी चौकटही त्यांचीच होती. साहेबांच्या आयुष्यातला हा सर्वोच्च क्षण असावा, पण विचारलं तर ते आकृती काढून दाखवतात.

साहेब आता निवृत्त झाले आहेत. त्यांच्या जागी नवीन साहेब आले आहेत आणि तक्ता कपाटावर आहे. माणूस हास्यास्पद होता यात शंका नाही, पण त्याची चौकट भरलेली होती आणि आपल्यापैकी बहुतेकांच्या गावची रिकामी आहे. तेव्हा हसून झालं असेल तर मे महिन्याच्या ग्रामसभेत उठून तीन प्रश्न विचारा : गावची बोट कुठे आहे, तिचं पेट्रोल कोण भरतो, आणि तिला सोडायचा हुकूम कुणाचा? तिन्ही उत्तरं तीन वेगवेगळ्या लोकांकडून आली, तर पावसाआधी त्या तिघांना एका खोलीत बसवा.