चाकांवरचा वन-आरके

कॅम्पर ट्रेलर हे वाहन अंधेरी, बोरिवली, मुलुंड आणि घाटकोपरच्या रहिवाशांसाठीच बनलेलं असावं, असं आमचं अभ्यासपूर्ण मत आहे. युरोप-अमेरिकेतली माणसं त्यात पहिल्यांदा शिरली की गुदमरतात. बसायचा बाक रात्री पलंग होतो, टेबल भिंतीत मिटतं, एकाला उठायचं असेल तर तिघांनी पाय वर घ्यायचे, या गोष्टी त्यांना शिकाव्या लागतात. शिकल्यावर ते त्यावर पुस्तकं लिहितात. आपण दहा बाय बाराच्या खोलीत दहावीचा अभ्यास, आजीचं आजारपण आणि मावशीचं बाळंतपण एकाच मे महिन्यात पार पाडलेली माणसं. तेव्हा ट्रेलरच्या आत कसं राहावं यावर या मार्गदर्शिकेत एक ओळही नाही. आपली अडचण दाराबाहेर सुरू होते.

निव्वळ हौस म्हणून चाकांवरच्या घरातून हिंडणाऱ्यांचे मूळपुरुष म्हणून विल्यम गॉर्डन स्टेबल्स यांचं नाव घेतात. हे ब्रिटिश नौदलातले निवृत्त डॉक्टर. १८८५ साली त्यांनी ब्रिस्टलच्या कारखान्यातून ‘वाँडरर’ नावाचं लाकडी घर बांधून घेतलं, पुढे दोन घोडे जुंपले आणि इंग्लंडातून थेट स्कॉटलंडपर्यंत मजल मारली. सोबत गाडीवान, नोकर, धिप्पाड कुत्रा आणि काकाकुवा. नोकराकडे तिचाकी सायकल होती. तिच्यावरून पुढे जायचं आणि मागून केवढं धूड येतंय याची समोरच्यांना वर्दी द्यायची, हे त्याचं काम. मोहिमेतलं सगळ्यात महत्त्वाचं पद डॉक्टरसाहेबांनी अचूक ओळखलं होतं. आपल्याकडे ते सोसायटीच्या वॉचमनकडे असतं आणि ‘आने दो’ एवढ्या दोन शब्दांत तो ते निभावतो. ‘बस’ हा तिसरा शब्द तो गाडी भिंतीला टेकल्यावर उच्चारतो.

महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. जिथे हॉटेल नाही किंवा बांधता येणार नाही, अशा ठिकाणीही पर्यटकाला मुक्काम करता यावा, हा त्यामागचा विचार. कॅराव्हॅन पार्क, तिथे वीज-पाणी, सगळं त्यात आहे. कॅम्पर ट्रेलरचीही नोंद आहे. विचार उत्तमच. मात्र शुक्रवारी रात्री तो ट्रेलर बोरिवली पश्चिमेच्या कोणत्या गल्लीत उभा करायचा, यावर धोरण मौन बाळगतं.

म्हणून पहिली सूचना: ट्रेलर विकत घेऊ नये. पार्किंगची जागा दाखवल्याशिवाय नव्या गाडीची नोंदणी नाही, अशी भूमिका राज्याच्या परिवहनमंत्र्यांनी २०२५ मध्ये मांडली, तेव्हा उपनगरातल्या कित्येक घरांत दिवसभर कोणी कोणाशी बोललं नव्हतं. मोटारीच्या मोठ्या पार्किंगचं नियमातलं माप अडीच मीटर बाय साडेपाच मीटर. त्यात मोटार मावते. दार उघडून बाहेर यायला शेजाऱ्याची मर्जी लागते. ट्रेलर स्टॅक पार्किंगवर चढवण्याचा प्रयत्न करू नये. तो भाड्यानेच आणावा. आणताना त्याचा स्वतंत्र नोंदणी क्रमांक, विमा आणि मागचे दिवे तपासावेत, आणि आपली गाडी किती वजन ओढू शकते ते गाडीच्या पुस्तिकेत वाचावं. काही छोट्या गाड्यांच्या पुस्तिकेत ‘काहीही ओढू नये’ असंच म्हटलेलं असतं. ‘आमची गाडी ओढते हो, अष्टविनायकाला सात जण नेले होते’ हा पुरावा ग्राह्य धरला जाणार नाही.

एका रात्रीपुरता का होईना, ट्रेलर आवारात उभा करायचा तर कमिटीला अर्ज हवा. नमुना असा:

‘माननीय सेक्रेटरी यांस. विषय: शुक्रवार रात्री अकरा ते शनिवार पहाटे पाच या वेळेत ट्रेलर उभा करण्याबाबत. महोदय, सदर ट्रेलरमध्ये आवारात असेपर्यंत कोणीही झोपणार नाही, फोडणी देणार नाही व भटक्या कुत्र्यांना खाऊ घालणार नाही. सी विंगच्या टँकरला अडथळा झाल्यास ट्रेलर स्वखर्चाने उचलून धरला जाईल. आपला, थकबाकी नसलेला सभासद.’

कमिटी या अर्जावर बैठक घेईल. ट्रेलर वाहन की बांधकाम? वाहन म्हटलं तर स्टिकर लागतो, बांधकाम म्हटलं तर महापालिका. खजिनदार विचारतील, सभासद घर सोडून ट्रेलरमध्ये राहायला चाललेत, तर नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस लागू होतात का? तेव्हा आवाज न चढवता सांगावं, की ते घर भाड्याने दिल्यावर लागतात आणि सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाहीत. दहा टक्के ऐकताच चर्चेतला रस ओसरेल आणि विषय तुमच्या गॅलरीतून खाली गळणाऱ्या कुंड्यांकडे वळेल. त्या गडबडीत सही घ्यावी.

ठिकाण ठरवताना कोणीतरी माथेरान सुचवेलच. तिथे मोटारींना बंदी आहे. ट्रेलर दस्तुरी नाक्यावर मुक्काम करेल आणि तुम्ही वर खोली शोधाल. दुसरी सूचना काशीद किंवा नागावची, ‘थेट वाळूवर लावू!’ ओहोटीला टणक वाटलेली वाळू भरतीला चाकं गिळते. मग गावातला ट्रॅक्टर बोलवावा लागतो, आणि ट्रॅक्टरवाला पाणी चाकाच्या किती वर आलंय ते पाहून दर सांगतो. थंडीत वालाच्या शेंगांची पोपटी खायला अलिबागकडे अवश्य जावं, पण भांबुर्ड्याचा पाला घालून भरलेल्या मडक्याभोवती शेतात जाळ पेटतो, तेव्हा ट्रेलर बांधाच्या अलीकडेच राहू द्यावा. एरवी आमची शिफारस भंडारदऱ्याची. कसारा घाट चढायचा, इगतपुरी मागे टाकून घोटीला वळायचं. १९२६ साली पूर्ण झालेलं विल्सन धरण, त्यामागे आर्थर लेक, शेंडीजवळ एमटीडीसीचं विश्रामस्थान आणि मान वर केली की कळसूबाई, १६४६ मीटर. मान वर करणं पुरे आहे. चढायचं कोणी सुचवल्यास काकांचे गुडघे पुढे करावेत.

आता माणसं. ट्रेलरमध्ये चौघं झोपतात असं माहितीपत्रक सांगतं. तुम्ही दोघं आणि मुलं दोन, म्हणजे यादी इथेच संपायला हवी. पण घाटकोपरच्या आत्याला कळवलं नाही तर ती दिवाळीपर्यंत बोलणार नाही, आणि कळवलं तर ती येणार. आत्या आली की काका आले, काका आले की घडीची कमोड-खुर्ची आली. अंधेरीचे साडू ‘आम्ही नुसते भेटून जाऊ’ म्हणतात; भंडारदऱ्याला नुसतं भेटून कोणी जात नाही, हे ओळखून त्यांच्या चादरी मोजाव्यात. मुलुंडचे मित्र कॉलेजपासूनचे, शिवाय मोठा आइसबॉक्स त्यांच्याकडे आहे. अकरा झाल्यावर यादी बंद करावी. चालत्या ट्रेलरमध्ये माणसं बसवायची नसतात, त्यामुळे दुसरी गाडी लागेल. ‘मी मागे झोपून येतो’ असं म्हणणाऱ्या भाच्याला त्या दुसऱ्या गाडीत आत्याशेजारी बसवावं.

एकत्र निघायचं कुठून हा प्रश्न त्याहून अवघड. बोरिवली आणि मुलुंड नकाशात शेजारी आहेत. मध्ये फक्त संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. बिबट्या ते पायी ओलांडतो. तुम्हाला घोडबंदर रस्त्याने वळसा आहे. डोंगराखालून मागाठाणे ते टिकुजीनी वाडी असा ११.८ किलोमीटरचा जोडरस्ता बोगद्यातून नेण्याचं काम चाललंय. तो होईपर्यंत सर्वांनी माजिवड्याच्या पुढे नाशिक महामार्गावर भेटावं. ‘निघालो’ हा मेसेज चप्पल सापडण्यापूर्वी पाठवण्याची उपनगरात प्रथा असल्याने फक्त लाइव्ह लोकेशनवर विश्वास ठेवावा.

सामान भरण्यालाही शास्त्र आहे. सुमारे साठ टक्के वजन ट्रेलरच्या अ‍ॅक्सलच्या पुढच्या भागात हवं आणि सगळ्यात जड वस्तू खाली, अ‍ॅक्सलजवळ. मागे वजन झालं की वेगात ट्रेलर डावी-उजवीकडे झोके घेऊ लागतो आणि पुढच्या मोटारीलाही सोबत घेतो. अशा वेळी कचकन ब्रेक दाबायचा नाही, स्टिअरिंगशी झटापट करायची नाही; अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढून वेग आपसूक उतरू द्यायचा. प्रत्यक्षात सामान ज्या क्रमाने घरातून खाली येतं त्याच क्रमाने आत जातं. आत्याचे स्टीलचे डबे शेवटी येतात, म्हणून ते अगदी मागे. त्यात दहा किलो तांदूळ असतात, कारण बाहेरचा भात काकांना सोसत नाही. आपण चाललोय तो सगळा पट्टाच भातशेतीचा आहे, हे त्यांना सांगू नये. आत्याशी वाद न घालता डबे पुढे सरकवण्याचं काम साडूंना द्यावं; त्यांना अजून अनुभव नाही. घरचा लाल सिलिंडर नेऊ नये, पाच किलोचा छोटा पुरतो. थेपले न्यायची गरज नाही. घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीत राहणाऱ्याला ते शेजारच्या भाभी गाडी सुरू झाल्यावर खिडकीतून देतातच.

रस्त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. परतीला कसारा घाट उतरताना पाय ब्रेकवर ठेवून बसू नये, खालच्या गिअरमध्ये उतरावं. मागचं वजन ढकलत असतं आणि ब्रेक तापतात. पहिल्या वडापावला डबे विसरले जातील, तेही स्वाभाविक आहे.

खरी परीक्षा रिव्हर्सची. स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की ट्रेलर उजवीकडे जातो, आणि जरा जास्त फिरवलं की मोटार आणि ट्रेलर कात्रीसारखे एकमेकांवर मिटू लागतात. युक्ती सोपी आहे. हात स्टिअरिंगच्या खालच्या टोकाला धरावा. ट्रेलरची शेपटी जिकडे न्यायची तिकडे हात सरकवावा, थोडा थोडा. बिघडलं तर पुढे जाऊन सरळ व्हावं आणि पुन्हा यावं, त्यात कमीपणा नाही. गाडी कोण चालवतंय ते गौण आहे. सांगणारा एकच हवा, हे मुख्य. आपल्याकडे तलावाकाठी ट्रेलर मागे घ्यायला लागलं की दहा माणसं उतरतात आणि दहाही हात हलवतात. काका ‘माझ्याकडे बघ’ म्हणतात, साडू आरशात दिसत नाहीत अशा जागी उभं राहून अंगठा दाखवतात, मुलुंडचे मित्र व्हिडिओ काढतात, आणि गावातला गुरं हाकणारा मुलगा थांबून पाहत राहतो. त्या मुलाला नमस्कार करून विनंती करावी. त्याने बैलगाडी मागे घेतलेली असते. बाकी कोणीच काही मागे घेतलेलं नसतं, शब्दसुद्धा.

ट्रेलर जागेवर आला की सोडवण्याआधी चाकांना उट्या लावाव्यात. आधी सोडवून मग दगड शोधायला गेलेल्यांचे ट्रेलर आर्थर लेककडे रस घेऊन पाहू लागतात. मग चारी पाय टेकवून लेव्हल करावी. महापालिकेतून निवृत्त झालेले काका असतील तर ते लेव्हल ट्यूब मागतील. मिळाली नाही तर ताटात पाणी ओतून निर्णय देतील आणि तो बरोबर असेल. टाकीत साठ-सत्तर लिटर पाणी असतं. अकरा जणांत ते पुरवणं हा गोऱ्या पर्यटकाच्या दृष्टीने चमत्कार आहे. रोज दीडच तास नळाला पाणी पाहिलेली आत्या ते एक तांब्या आणि एका बादलीच्या हिशेबात बसवून दुपारी उरलेल्या पाण्यात पायपुसणीसुद्धा धुते. रासायनिक संडास रिकामा कोणी करायचा, हे मात्र निघण्यापूर्वी लेखी ठरवावं.

रात्र झाली की एक अनपेक्षित त्रास सुरू होतो. काहीच ऐकू येत नाही. लोकलची शिटी नाही, वरच्या मजल्यावर खुर्ची ओढली जात नाही, मंडपातला माइक ‘चेक, चेक’ म्हणत नाही. मंडळी अस्वस्थ होतात आणि कोणीतरी ब्लूटूथ स्पीकर काढतं. तो काढून घ्यावा. गावाला पहाटे उठून दुधाला जायचं असतं. भेंड्या चालतील, हळू आवाजात. मेअखेरीस किंवा जूनच्या सुरुवातीला गेलात तर त्या परिसरात झाडं काजव्यांनी लखलखतात. काजव्यांचा हा उजेड जोडीदाराला बोलावण्यासाठी असतो, त्यामुळे हेडलाइट, टॉर्च आणि मोबाइलचा फ्लॅश बंद ठेवावा. आत्या फोटो काढण्यासाठी फ्लॅश लावेल आणि फोटोत काळं झाड येईल. तो फोटो सोळा जणांच्या ग्रुपवर ‘काजवे’ म्हणून जाईल आणि सगळे ‘वा!’ म्हणतील.

रविवारी निघायची वेळ दुपारी बारा ठरवावी, म्हणजे साडेतीनला निघता येतं. शहापूर, भिवंडी, माजिवडा इथे वाहनं तुमच्यासारख्याच लोकांची असतात. मुलुंडच्या नाक्यावर हलक्या गाड्यांना ऑक्टोबर २०२४ पासून टोल नाही. पूर्वी तिथे पैसे देऊन थांबावं लागायचं. ट्रेलर परत करताना टाकी रिकामी, गाद्या झटकलेल्या आणि मालकाशी बोलणारा माणूस गोड आवाजाचा हवा.

शेवटी हिशेब. तो त्याच रात्री करावा, सोमवारी करू म्हटलं की गणपती येतात. साडूंनी चिकन खाल्लं नाही, पण बर्फ वापरला. मुलं अर्धी धरायची प्रथा आहे, जरी खाल्लं त्यांनी दुप्पट असलं. आत्याचे पैसे घ्यायचे नाहीत. तिने दिलेच तर मुलांच्या हातात द्यायला लावायचे, म्हणजे ते हिशेबाबाहेर जातात. डिझेल गाडीवाल्याने भरलेलं असतं आणि तो ‘राहू दे रे’ म्हणतो. राहू देऊ नये. उरलेले आठ किलो तांदूळ आत्या प्रत्येक घरी थोडे थोडे वाटू लागली, तर डबा कोणाचा कुठे गेला ते लिहून ठेवावं.