गौण डोंगर

नवी मुंबईत, रबाळ्यात, आमच्या खिडकीच्या गजांवर रोज सकाळी खाणीतून उडून पारसिकचा डोंगर येऊन बसतो. बोट फिरवलं की बोटाला लागतो. घर घेताना 'डोंगर तुमच्या दारात' अशी जाहिरात वाचली होती. बिल्डर शब्दाचा पक्का निघाला.

सरकारदरबारी हा डोंगर 'गौण खनिज' आहे. 1957च्या कायद्याने इमारतीचा दगड, खडी, वाळू यांना ही पदवी दिली. अख्खी नवी मुंबई ज्याच्यावर उभी, तोच गौण! साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थिजून हा काळा पत्थर झाला. 2021 मध्ये त्याची रॉयल्टी ठरली ब्रासला 600 रुपये. शंभर घनफूट सह्याद्री, दोघांच्या हॉटेलच्या जेवणात.

शेजारचे काका म्हणतात, "अहो, विकसनशील देश आपला. शिळा लागणारच!" काका हाडाचे समतोलवादी. सकाळी 'डोंगर वाचवा'च्या निवेदनावर सही, दुपारी गावच्या स्लॅबसाठी खडीच्या भावाची चौकशी. मी हसत नाही. आमच्या स्वयंपाकघराचा नवा ओटा काही ढगातून पडलेला नाही.

2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, पाच हेक्टरांहून लहान खाणीलाही पर्यावरण मंजुरी हवी. लगेच कागदांचा डोंगर उभा राहिला. एक डोंगर घटला, एक वाढला. समतोल म्हणतात तो हाच.

अडचण होते ती खाणवाल्या प्रकल्पग्रस्ताची. 1970 मध्ये नवं शहर वसवायला सिडको आली, त्यासाठी त्याचं शेत गेलं. पुढे अशांपैकी काहींना पोटापाण्यासाठी याच डोंगरात खाण मिळाली. आता ती बंद झाली की पर्यावरणाचा पहिला हप्ता त्याच्याच चुलीतून कापला जातो. टॉवरवाल्यांचा हप्ता फक्त फ्लॅटचा.

पश्चिमेला खाडीत फ्लेमिंगो. ठाणे खाडीला 2022 मध्ये रामसर पाणथळीचा मान मिळाला, शहरभर गुलाबी पुतळे उभे राहिले. पूर्वेच्या डोंगराचा पुतळा कोण करणार? फ्लेमिंगो स्वतः उडतात, डोंगराला सुरुंग लावून उडवावं लागतं. तिकडे उलव्याची टेकडी तर विमानतळासाठी कापून सपाट केली. तिथून आता विमानं उडतात.

परवा मी गज पुसून फडकं बाल्कनीतून झटकलं. खालून काका ओरडले, "ओ, डोंगर कुठे टाकताय? रॉयल्टीची पावती आहे का?"