उणे साडेपाच

परवा एका बारशाला त्यानं पाळणा मोजला. बायका पाळणा म्हणायला उभ्या राहिल्या होत्या, आत्या नाव सांगायला बाळाच्या कानाशी वाकली होती, आणि हा खिशातून टेप काढून पाळण्याच्या मागं ओणवा. ‘तरीच म्हटलं डोक्याकडं का झुकतोय,’ उठता उठता म्हणाला. ‘हुक सेंटरपासून उणे तीन आहे.’

अशा माणसाची वेगळी ओळख करून द्यायला नको. पुण्यात हा असतो तेव्हा खिळा ठोकण्याआधी भिंतीवर पेन्सिलीनं भूमिती काढतो आणि कॅलेंडर मार्चपर्यंत पलंगावर पडून राहतं. आमचा नमुना डेन्व्हरला राहतो, म्हणून खिळ्याच्या जागी स्कीचं बाइंडिंग आलं, एवढाच फरक. नाव सांगत नाही. मराठी मंडळात सगळे त्याला ‘उणे’ म्हणतात. त्यालाही ते माहीत आहे आणि त्यात चेष्टा आहे असं त्याला अजिबात वाटत नाही.

दोन हिवाळ्यांपूर्वी त्यानं ट्विन-टिप स्कीज घेतल्या. साध्या स्कीचं शेपूट सपाट असतं, कारण माणूस पुढं जाणार असं गृहीत धरलेलं असतं. ट्विन-टिपची दोन्ही टोकं वर वळलेली, त्यामुळे उलटं घसरता येतं, उडीत अर्धी गिरकी घेऊन पाठमोरं उतरता येतं. हे मी विचारलं नव्हतं. गणपतीत आरतीसाठी उभे असताना त्यानं आपणहून सांगितलं. १९९८ साली सालोमननं ‘टेनएटी’ नावाची ट्विन-टिप बाजारात आणली, माइक डग्लस आणि त्याच्या कॅनडातल्या टारगट दोस्तांनी ती कल्पना कंपनीच्या गळी उतरवली, टेनएटी म्हणजे १०८० अंश, म्हणजे हवेत पूर्ण तीन गिरक्या. आरती सुरू झाली म्हणून तिसऱ्या गिरकीला थांबला. प्रसाद घेताना चौथं वाक्य: ‘मखर बघितलंस? बाप्पा उणे दोन गेलेत.’

आता हा स्वतः. वय ४६, एका गुडघ्याला पट्टा. उतारावर याचा वेग असा, की मागून छोट्या मुलांचा अख्खा वर्ग रांगेनं येतो आणि याला वळसा घालून निघून जातो. उलटं जाण्याचं म्हणाल, तर गाडी रिव्हर्स घेतानाही वहिनींना खाली उतरवून मागं उभं करतो. मग ट्विन-टिप कशाला, असं मी विचारलं. ‘उद्या लागली तर?’ याला आमच्याकडं उत्तर नसतं. घरोघरी माळे याच प्रश्नानं भरलेले आहेत.

तर, नवी स्की कोरी येते. बूट धरून ठेवणारं बाइंडिंग वेगळं घेऊन तिच्यावर बसवावं लागतं. बुटाच्या तळव्यावर कडेला मध्याची खूण असते, स्कीवर कारखान्यानं मारलेली रेघ असते. खूण रेघेवर आणायची, भोकं पाडायची, स्क्रू पिळायचे. दुकानातलं पोरगं हे काम च्युइंगम चघळत करून देतं. माझ्या स्कीज तशाच झाल्यात आणि मी अजून दोन पायांवर चालतो.

पण ट्विन-टिपवरची रेघ ही नुसती शिफारस असते, असं त्याचं म्हणणं, आणि पंचाईत अशी की ते खरं आहे. स्कीच्या बरोबर मध्यावर उभं राहिलं की पुढं आणि मागं सारखीच लांबी. गिरकी हलकी होते, पाठमोरं उतरणं सोपं जातं. पण ताज्या भुसभुशीत बर्फात पुढचं टोक खाली घुसतं. मध्यापासून जितकं मागं जावं तितकं ते टोक तरंगतं, वेगात स्की थरथरत नाही, आणि गिरकीला मात्र जड पडते. म्हणून उंचवटे रचलेल्या पार्कात उड्या मारणारी पोरं शून्य ते उणे तीन सेंटीमीटरच्या दरम्यान बसवतात. सगळा डोंगर हिंडणारे उणे पाच, सहा, सात. जुन्या वळणाच्या सपाट शेपटीच्या स्कीज उणे दहा आणि त्याच्याही मागं. याच्या स्कीची रेघ उणे साडेपाचवर होती. सभ्य जागा. कारखान्यातली माणसं रेघ काही डोळे मिटून मारत नाहीत. त्याला ती पटली असती तर मला लिहायला विषय उरला नसता.

पहिली अडचण, मध्य कशाचा? स्कीवर छापलंय १७७. टेप टोकापासून टोकापर्यंत सरळ ताणली तर १७५.४. तळाच्या वळणाला चिकटवत नेली तर १७८च्या वर. लांब्या तीन, म्हणून मध्यही तीन. शिवाय बर्फाला टेकणाऱ्या भागाचा मध्य निराळा, कमरेची सगळ्यात अरुंद जागा निराळी, आणि टेकणाऱ्या भागाच्या मध्यावर पायाचा चवडा यावा ही जुन्या लोकांची रीत आणखी निराळी. या सगळ्या रेघा त्यानं मास्किंग टेपवर पेन्सिलीनं मारल्या आणि प्रत्येकीवर तारीख घातली.

संक्रांतीच्या सुमाराला मी त्यांच्याकडं गेलो, तर ओट्यावर स्की आडवी आणि तिच्याखाली वहिनींचं लाटणं. तोल कुठं साधतो ते पाहणं चाललं होतं. स्की एकदा फ्रिजकडं झुके, एकदा मिक्सरकडं. हा श्वास रोखून बोटानं केसभर पुढं, केसभर मागं सरकवतोय. शेजारी गुळाचं सारण मळून तयार, कणीक ओल्या फडक्याखाली, आणि वहिनी हात पुसून उभ्या.

‘भावजी, यांना विचारा, लाटणं कधी मिळणार?’

‘दोन मिनिटं,’ हा म्हणाला. ‘उणे चार पॉइंट दोन येतंय.’

‘गेल्या संक्रांतीलाही एवढंच आलं होतं,’ वहिनी म्हणाल्या.

त्या दिवशी गुळपोळ्या काचेच्या बाटलीनं लाटल्या गेल्या.

तयारी मात्र जय्यत. लाकडी गाभ्याच्या स्कीला ३.६ मिलिमीटरचं ड्रिलबिट लागतं, आत धातूचा पत्रा असेल तर ४.१चं. त्यानं दोन्ही घेतली, तीही नऊ मिलिमीटरला अडणारी, कारण फार खोल गेलं की टोक तळातून बाहेर येतं. पोझिड्राइव्ह जातीचा ३ नंबरचा स्क्रूड्रायव्हर घेतला, कारण साध्या फिलिप्सनं या स्क्रूंची डोकी खराब होतात. भोकात पाणी झिरपून गाभा कुजू नये म्हणून स्क्रूबरोबर गोंद घालतात. त्यासाठी अख्खी अमेरिका सोडून यानं पुण्याहून फेव्हिकॉल आणला. दुसऱ्या हिवाळ्यात झाकण उघडलं तर आत दगड. पुढच्या खेपेला दुसरी बाटली आली.

मी एकदा सुचवलं, की भाड्याच्या स्कीजना असतं तसं रुळावर सरकणारं बाइंडिंग घे, वाटेल तेव्हा पुढं-मागं कर. तो कळवळला. ‘वजन वाढतं. पाय उंच राहतो. आणि मग निर्णय असा घ्यावाच लागत नाही!’ हे बोलत असताना त्याच्या पायात भाड्याच्याच स्कीज होत्या, रुळवाल्या. दोन हिवाळे दर शनिवारी तो त्याच घेत होता, आणि स्वतःच्या कोऱ्या स्कीज गॅरेजात सतरंजीखाली होत्या.

भोक एकदा पडलं की पडलं, हे त्याचं खरं दुखणं. ते प्लास्टिकची खुंटी ठोकून बुजवता येतं, पण नवं भोक जुन्यापासून सेंटीमीटरभर तरी दूर हवं. ‘म्हणजे बघ, उणे साडेपाच चुकलं तर उणे पाच करता येत नाही,’ हे तो घरात आजारी माणूस असल्यासारखं हळू बोलतो. मी हसतो खरा, पण त्याच मंडळात असे चारजण आहेत, की ‘परत जायचं की इथंच राहायचं’ याच्या रेघा त्यांनी वीस वर्षं मास्किंग टेपवरच ठेवल्या आहेत. त्यांना कुणी ‘उणे’ म्हणत नाही. त्यातला एक तर अध्यक्ष आहे.

शनिवारी पहाटे डोंगराकडं जाणाऱ्या आय-सेव्हंटी महामार्गावर गाड्यांची रांग लागलेली असते. थर्मासमधला चहा, तिखटमिठाच्या पुऱ्या, आणि हा शेजारी. ११,००० फुटांवरच्या आयझेनहॉवर बोगद्यात शिरलं की डोक्यावरून कॉन्टिनेंटल डिव्हाइड जातो. एका बाजूचं पाणी अटलांटिककडं, दुसऱ्या बाजूचं पॅसिफिककडं. बाकीचे लोक इथं जरा गप्प होतात. हा विचारतो, ‘डिव्हाइड बोगद्याच्या सेंटरला आहे, की उणे?’ घरीही तेच. २०१४ साली सोचीला स्कीचं स्लोपस्टाइल, म्हणजे उड्या-गिरक्यांची स्पर्धा, ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा आलं आणि पुरुषांची तिन्ही पदकं अमेरिकेच्या पोरांनी नेली. त्याचं जुनं चित्रण आम्ही त्याच्या घरी पाहत होतो. सुवर्णपदकवाला हवेत असताना यानं चित्र थांबवलं आणि टीव्हीच्या काचेला टेप लावली.

एकदा माझ्या मुलीसाठी मी एका दुकानातून स्कीज भाड्यानं घेतल्या होत्या. पार्किंगमध्ये ती बूट अडकवत होती, तर हा वाकला. मी म्हटलं, झालं, आता हिचंही सेंटर. पण तो बाइंडिंगवरच्या काट्याकडं बघत होता. ‘वय नऊ ना? वजन?’ मग तिच्या बुटाच्या टाचेपाशी कोरलेली लांबी वाचली. पडल्यावर बाइंडिंग किती जोराला सुटावं, हा आकडा वजन, उंची, वय, बुटाची लांबी आणि चालवण्याची तऱ्हा यांवरून ठरतो. तिचा दोनाच्या आसपास हवा होता. दोन्ही पायांचा साडेचारावर होता. पोर पडली असती, स्की सुटली नसती, आणि पायाला पीळ पडून काय झालं असतं ते सांगायला नको. त्यानं स्वतः स्क्रूला हात लावला नाही. ‘हे जाणकारानंच करायचं,’ म्हणून तिचं बोट धरून पायथ्याच्या दुरुस्तीच्या खिडकीसमोर रांगेत उभा राहिला. सकाळचा चांगला बर्फ इतरांनी तुडवून संपवला, तेव्हा दोघं परत आली.

‘आता निर्धास्त,’ तो म्हणाला. आणि मला बाजूला घेऊन, ‘माउंट मात्र उणे आहे हं हिचं.’

त्या दिवसापासून मला त्याच्यावर धड चिडताही येत नाही, ही त्यातल्या त्यात मोठी गैरसोय.

गेल्या मार्चमध्ये आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी तो सांगलीला गेला. इकडं चिरंजीव पंधरा वर्षांचे, बापाइतके उंच झालेले. त्यानं सतरंजी उचलली, स्कीज, बाइंडिंग आणि आपला बूट घेतला आणि दुकान गाठलं. कुठं बसवू, असं तिथल्या पोरानं विचारलं. चिरंजीव म्हणाले, मधे.

विमानतळावरून मीच त्याला घरी आणलं, म्हणून गॅरेजातला प्रसंग मला पाहायला मिळाला. मास्किंग टेप सोलून, गोळा करून कोपऱ्यात टाकलेली. त्यावरच्या तारखा आतल्या बाजूला गेलेल्या. यानं कोटही काढला नाही. खिशातून टेप काढली, सरळ ताणून मोजलं. मग तळावरून मोजलं. मग पुन्हा सरळ.

‘शून्य,’ तो म्हणाला.

‘येस, बाबा. सेंटर.’

‘बुटाची खूण बघितली होती त्यांनी?’

‘हो.’

‘गोंद घातला?’

‘हो, बाबा.’

‘बरं,’ म्हणाला, आणि बॅगा आत नेल्या. फेव्हिकॉलची तिसरी बाटली त्यातल्याच एकीत होती, हे मला वहिनींनी नंतर सांगितलं.

एप्रिलमध्ये आम्ही ब्रेकेनरिजला गेलो. पार्काच्या कडेला दोरीपाशी हा भाड्याच्या स्कीजवर उभा, गॉगल कपाळावर. पोरगा वरून पाठमोराच आला. खांद्यावरून मागं बघत उंचवट्यावर चढला, हवेत अंगाचा पीळ सोडला आणि तोंड पुढं करून उतरला. स्कीज बर्फावर एकदाच वाजल्या, दोन्ही एकदम. आमच्या समोरून जाताना त्यानं बापाकडं बघितलंसुद्धा नाही. त्या वयात बघत नाहीत. टेप खिशात होती, पण हात तिकडं गेला नाही.

‘मला हे कुठल्याच आकड्यावर जमलं नसतं,’ तो म्हणाला.

मला काही सुचलं नाही. मी पुरीचा डबा पुढं केला.

मग ऑक्टोबरात, रात्री अकरा वाजता फोन.

‘झोपलास? ऐक. पोराचा पाय वाढला. जुना बूट ३०५ मिलिमीटरचा, नवा ३२५चा. बाइंडिंगचा पुढचा तुकडा स्क्रूनं बसलाय, तो हलणार नाही. टाचेचा तुकडा सरकतो, तो दुकानातून वीस मिलिमीटर मागं सरकवून आणला. मग बुटाचा मध्य किती मागं गेला?’

‘दहा,’ मी म्हणालो.

‘उणे एक!’ तो ओरडला. ‘एक भोक न पाडता!’

मागून आवाज आला, ‘बाबा, काकांना झोपू दे ना.’

‘अजून दोन साइझ वाढला ना पाय,’ तो फोनशी तोंड नेऊन कुजबुजला, ‘तर उणे दोन.’